पानकरस आणि पन्नास गुण

मराठी समीक्षेची परिभाषा ही बव्हंशी जिभेची परिभाषा आहे. रस, रुची, अभिरुची, आस्वाद, चर्वणा, माधुर्य, रसग्रहण हे सारे शब्द खाण्यापिण्याच्या व्यवहारातून उचललेले आहेत. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची उपपत्ती सांगताना भोजनाचाच दाखला घेतला. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न सेवन करणारा प्रसन्नचित्त माणूस ज्या रीतीने रसांचा आस्वाद घेतो, त्या रीतीने प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढे हा दाखला इतका रुळला की तो दाखला आहे याचाच आपल्याला विसर पडला. 'कवितेचा आस्वाद' असे शीर्षक लिहिताना आज कोणाही समीक्षकाला आपल्या तोंडातील चवीची आठवण होत नाही.

ही आठवण होऊ नये अशी व्यवस्था पाश्चात्त्य सौंदर्यशास्त्रानेही करून ठेवली आहे. कांटने कॅनरी बेटांवरील मद्याचे उदाहरण घेऊन सांगितले की, हे मद्य रुचकर आहे असे कोणी म्हटले, तर त्याला 'मला' हा शब्द जोडावाच लागतो. 'हे सुंदर आहे' या विधानाला मात्र तो जोडता येत नाही, कारण त्यात सर्वांच्या संमतीची मागणी अध्याहृत असते. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे (१९७४) हा भेद मराठी अभ्यासकांच्या चांगला अंगवळणी पडला आहे. जिभेच्या आनंदाबद्दल वाद संभवत नाही, तो ज्याचा त्याचा, असे आपण वर्गात शिकवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो. आता अडचण अशी आहे की, जगात नेमका याच आनंदाबद्दल वाद घालण्याचा, त्यात एकमत घडवण्याचा आणि त्याला आकड्यांत बसवण्याचा एक सुस्थिर व्यवसाय उभा आहे. बिअर चाखून तिला गुण देणारी माणसे परीक्षा देतात, नापास होतात, पुन्हा सराव करतात. त्यांची परिभाषा आहे, तीत मतभेदांचे नियम आहेत. सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासकाने या व्यवहाराकडे पाहायला हवे असे मला वाटते, आणि योगायोगाने तो माझ्या घरापासून फार दूर चालत नाही.

मराठीतून या विषयावर लिहिणे अवघड का आहे, हे आधी सांगितले पाहिजे. मद्याबद्दलची मराठी ही चवीची भाषा नाहीच. 'तो पितो' या वाक्याला कर्माची गरज लागत नाही. काय पितो हे सांगावे लागत नाही आणि ते कसे लागते हा प्रश्न तर उद्भवतच नाही. सभ्य मंडळी 'घेतात', असभ्य 'ढोसतात', पण चाखत कोणीच नाही. नशेच्या अवस्थांसाठी आपल्याकडे झिंगणे, तर्र होणे, टुन्न होणे अशी समृद्ध क्रमवारी आहे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने (१९१९) तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ दिले. मद्याची विनोदी आणि करुण अशी दोन्ही रूपे त्या नाटकाने मराठी मनात कायमची बसवली, पण प्याल्यात होते ते कसे लागत होते याबद्दल तळीरामासारखा वाचाळ मनुष्यही फारसा बोलत नाही. गंमत अशी की, परमिट रूममध्ये ज्या पदार्थाच्या नावात चाखण्याची क्रिया आहे, तो पदार्थ म्हणजे शेंगदाणे. चखणा चाखायचा आणि मद्य संपवायचे, अशी ही श्रमविभागणी आहे.

वाळूज हे गाव छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाच्या औरंगाबादहून) अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गंगापूर तालुक्यात आहे. १९८५ साली बजाजचा दुचाकींचा कारखाना तेथे सुरू झाला आणि औद्योगिक वसाहत झपाट्याने वाढली. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ही नावे तेव्हापासून कामगारांच्या पाळ्यांशी जोडली गेली. याच वसाहतीलगत एक पंढरपूर आहे, छोटे पंढरपूर. आषाढी एकादशीला शहरातून तेथवर माणसांची रीघ लागते. आणि याच परिसरात बिअरचे कारखाने आहेत. संभाजीनगरच्या अवतीभवती महाराष्ट्रातील बिअरचा मोठा हिस्सा तयार होतो. फॉस्टर्स या ऑस्ट्रेलियन नावाची बिअर येथे बाटलीत भरली गेली. तो व्यवसाय २००६मध्ये एसएबीमिलरकडे गेला आणि २०१६मध्ये एसएबीमिलरच एका बेल्जियन-ब्राझिलियन समूहाच्या पोटात गेली. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गचाही कारखाना या शहराच्या परिसरात आहे. जगभरच्या बिअरची तुलना करू पाहणाऱ्याने येथे थोडे थांबावे. ऑस्ट्रेलिया आणि डेन्मार्क लेबलांवर असतात. बाटलीतील नव्वद टक्क्यांहून अधिक द्रव्य पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून आलेले असते.

माझी एक विद्यार्थिनी या कारखान्यांपैकी एकाच्या गुणवत्ता-तपासणी विभागात नोकरीला होती. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती कामाला लागली आणि नोकरी सांभाळून मराठीचे एम.ए. करू लागली. भारतीय काव्यशास्त्राच्या तासाला मी रसप्रक्रिया शिकवत असताना तिने विचारले, "सर, चव ओळखायला शिकवता येते असं शास्त्रकारांना वाटत होतं का?" मी अभिनवगुप्ताच्या सहृदयाबद्दल बोललो. काव्याच्या अभ्यासाने, अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे तो सहृदय, असे सांगितले. ती म्हणाली, "आमच्याकडं हे रोज अकरा वाजता चालतं." ती आस्वादक मंडळाची, म्हणजे टेस्टिंग पॅनेलची सभासद होती. घरी मात्र तिने 'मी कंपनीत पाणी तपासते' एवढेच सांगून ठेवले होते. ते खोटे नव्हते, हे पुढे येईलच.

२०१५च्या हिवाळ्यात अशा एका प्रशिक्षण-बैठकीला पाहुणा म्हणून बसण्याची मला परवानगी मिळाली. दुपारच्या जेवणापूर्वीची वेळ मुद्दाम निवडलेली असते, कारण तेव्हा जीभ ताजी आणि पोट थोडे रिकामे असते. खोलीत वास नाही, अत्तर लावून येण्यास मनाई, सकाळी तंबाखू-गुटखा खाणाऱ्याला त्या दिवशी सुट्टी. रंगावरून मत बनू नये म्हणून गडद काचेचे पेले. बिअर बर्फासारखी थंड नव्हती, आठ ते बारा अंशांच्या दरम्यान होती. अतिथंड द्रव्यात जीभ बधिर होते आणि दोष लपतात. आपल्याकडच्या ग्राहकाचा 'चिल्ड' असण्याचा आग्रह हा एका अर्थी न चाखण्याचाच आग्रह आहे. वाइनचा परीक्षक घोट थुंकून टाकतो. बिअरचा परीक्षक परंपरेने गिळतो, कारण तिचा कडूपणा जिभेच्या मुळाशी आणि घशात उलगडतो, असे तेथे मला सांगण्यात आले. समीक्षकांचेही असे दोन वर्ग करता येतील. नावे वाचकांनी घालावीत.

त्रिकोणी चाचणी हा या शिक्षणाचा पाया आहे. तीन पेल्यांपैकी दोघांत एकच बिअर असते, तिसऱ्यात वेगळी. वेगळा पेला कोणता, एवढेच सांगायचे. आवडले का, हे कोणी विचारत नाही. ही पद्धत १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये विकसित झाली. केवळ अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येणारच, तेव्हा बरोबर उत्तरांची संख्या योगायोगापेक्षा किती अधिक आहे, हे गणिताने ठरवावे लागते. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याचे हे गणितही बिअरच्याच पोटी जन्मले आहे. डब्लिनच्या गिनेसमधील विल्यम सीली गॉसेटने १९०८ साली त्यावरचा निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने छापला, कारण कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने लिहिणे कारखान्याला मान्य नव्हते. समाजशास्त्राच्या प्रबंधांत आज 'टी-चाचणी' लावणाऱ्या किती जणांना तिच्या मागचा फेस ठाऊक असतो?

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावकांचे चार प्रकार सांगितले आहेत. अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही तो, सतृणाभ्यवहारी, म्हणजे अन्नाबरोबर गवतही चावून खाणारा, मत्सरी, आणि तत्त्वाभिनिवेशी, जो हजारांत एखादा सापडला तर सापडतो. त्या खोलीत मला पहिले दोन प्रकार लगेच ओळखू आले. लेबल झाकण्याची सगळी खटपट तिसऱ्यासाठी आहे. चौथा घडवता येईल या भरवशावर ती बैठक चालू होती. आणि तो भरवसा अगदीच निराधार नसावा. ज्ञात द्रव्याचे थेंब बिअरमध्ये मुद्दाम मिसळून, ते ओळखण्याचा सराव केला की बहुतेकांची जीभ तयार होते. डायअ‍ॅसिटिल नावाचे लोण्यासारख्या वासाचे द्रव्य दहा लाख भागांत एका भागाचा दहावा हिस्सा इतक्या अल्प प्रमाणातही ओळखता येऊ लागते. काहींना ते कितीही सरावाने ओळखता येत नाही, तेवढ्या एका वासापुरते त्यांचे नाक जन्मतः बंद असते. हे उत्तम परीक्षकाच्याही बाबतीत घडते, आणि कोणाला काय कळत नाही याची नोंद मंडळाच्या वहीत ठेवलेली असते. वाङ्मयीन पारितोषिकांच्या समित्यांनी अशी वही ठेवली तर फार उपकार होतील.

माझे लक्ष मात्र भिंतीवरच्या एका चक्राकार तक्त्याकडे लागले होते. मूळचे डॅनिश असलेले शास्त्रज्ञ मॉर्टन मायलगार्ड यांनी १९७०च्या दशकात हे स्वादचक्र तयार केले. चौदा वर्ग आणि एकंदर १२२ संज्ञा. युरोप-अमेरिकेच्या मद्यविषयक संस्थांनी ते मान्य केल्यामुळे जगभरच्या कारखान्यांत तीच परिभाषा चालते. 'चांगली', 'दर्जेदार', 'छान' असले शब्द त्यात नाहीत. प्रत्येक संज्ञा कशाची तरी आठवण आहे. लवंग, केळे, हिरवे सफरचंद, उकडलेला मका, ओला पुठ्ठा, सल्फर, चामडे. प्रश्न असा की, ही आठवण कोणाची? उन्हात राहिलेल्या बिअरला येणाऱ्या वासाचे नाव आहे 'स्कंकी'. स्कंक हा उत्तर अमेरिकेतील दुर्गंध फवारणारा प्राणी. गंगापूर तालुक्यात त्याचा संचार नाही. शिळेपणाच्या एका छटेला 'रायबीज' म्हणतात, म्हणजे काळ्या करंटाच्या झुडपाची पाने चुरगळल्यावर येणारा वास. मंडळातील सहाही जणांनी ते झुडूप पाहिलेले नव्हते. त्यांनी आधी बिअरचा दोष शिकला, आणि कधी काळी युरोपात जाऊन ते पान चुरगळले, तर 'याला आपल्या शिळ्या बिअरचा वास येतो' असे ते म्हणतील. मूळ आणि उपमान यांची अशी अदलाबदल आपल्या समीक्षेलाही नवी नाही. 'एलियनेशन' आधी शिकून मग ते कोणत्या मराठी कथेत सापडते हे शोधणारी एक पिढी होऊन गेली, आणि तिच्याच वर्गांत मीही शिकलो.

उलट याच चक्रावर 'कॅप्रिलिक' अशी एक संज्ञा आहे, बोकडाच्या वासाची. तेथे मंडळातील दोघे-तिघे प्रशिक्षकापेक्षा सरस ठरत. एकाने तर हा वास बोकडाचा नव्हे, पाटीचा आहे असे सांगितले. तुरट आणि कडू यांतील भेद इंग्रजी माध्यमातून शिकवताना प्रशिक्षकाला फार कष्ट पडतात. ज्यांनी जांभळे, सुपारी, आवळे खाल्ले आहेत आणि त्या अनुभवाला कडूपासून वेगळा शब्द ज्यांच्या भाषेत आहे, त्यांना तो एका घोटात कळतो. संस्कृतच्या षड्रसांत कषाय आणि तिक्त स्वतंत्र आहेतच. त्यातही एक भाषिक वळण पाहण्यासारखे आहे. संस्कृतात कटु म्हणजे मिरीसारखे तिखट, आणि कडुनिंबासारखे ते तिक्त. मराठीत आलेला कटु कडू झाला आणि त्याने तिक्ताची जागा घेतली. शब्द तोच राहिला, जीभ बदलली. बिअरच्या हॉप्सचा गुण आयुर्वेदाच्या भाषेत तिक्त आणि आईच्या भाषेत कडू. खरपूस, खमंग, करपट, धुरकट या आपल्या चार शब्दांत भाजलेल्या माल्टच्या ज्या पायऱ्या स्पष्ट होतात, त्या चक्रावरच्या शब्दांनी तितक्या स्पष्ट होत नाहीत असे माझे मत झाले.

या संदर्भात ह्यूमची गोष्ट आठवते. अभिरुचीच्या निकषावरील निबंधात (१७५७) त्याने 'डॉन किहोते'तून सँकोच्या दोन नातलगांचा किस्सा घेतला आहे. एका पिंपातील मद्याची परीक्षा करण्यास दोघांना बोलावले. एक म्हणाला, मद्य उत्तम आहे, फक्त किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, फक्त लोखंडाची चव आहे. लोकांनी दोघांचीही टर उडवली. पिंप रिकामे झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली जुनी किल्ली निघाली. सूक्ष्म अभिरुचीला वस्तुनिष्ठ आधार असतो, हे ह्यूमला त्यातून सुचवायचे आहे. कारखान्यात ही किल्ली काढून दाखवणारे यंत्र आहे, गॅस क्रोमॅटोग्राफ. जिभेने 'लोणी' म्हटले की यंत्र डायअ‍ॅसिटिलचा आकडा देते. कवितेचे पिंप असे रिकामे करता येत नाही, हा आक्षेप जुनाच आहे, त्यात मी पडत नाही. मला वेगळीच गोष्ट जाणवली. बैठकीत धातूची चव मिसळलेला पेला फिरला, तेव्हा प्रशिक्षकाला 'मेटॅलिक' हे उत्तर हवे होते. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "ही कळकलीय." कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते. आजीच्या घरात ज्याने ते ताक एकदा तोंडाला लावले आहे, त्याला किल्ली शोधावी लागत नाही. त्या एका क्रियापदात धातू आहे, आंबट द्रव आहे, भांड्याची हेळसांड आहे आणि फेकून देण्याचा निर्णयही आहे. सँकोचे नातलग गंगापूरचे असते, तर एका शब्दात दोघांचे काम झाले असते. मात्र तक्त्यावर 'कळकणे' लिहिण्याची सोय नव्हती. तिने 'मेटॅलिक'वर खूण केली.

दोष ओळखणे ही परीक्षणाची पहिली पायरी झाली. गुण देणे ही दुसरी. आपल्या भाषेत 'गुण' शब्दाला किती अर्थ वाहावे लागतात हे येथे लक्षात येते. वामनाचे दहा काव्यगुण, सत्त्व-रज-तम, औषधाचा गुण आणि परीक्षेतील गुण. घरगुती आणि हौशी बिअरच्या स्पर्धांसाठी अमेरिकेत १९८५पासून परीक्षक प्रमाणित करणारी एक संस्था आहे. तिच्या तक्त्यात पन्नास गुण असतात. गंधाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, तोंडातील स्पर्शाला पाच आणि समग्र प्रत्ययाला दहा. हा तक्ता पाहून मला शालान्त परीक्षेतील रसग्रहणाच्या प्रश्नाची आठवण झाली. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, आणि प्रत्येकासमोर गुणांची चौकट. २०१०नंतर अध्यापकांच्या संशोधनालाही असेच गुणांक लागले, तेव्हा आम्ही बरेच रागावलो होतो. वर्षानुवर्षे कवितेला गुण देताना आमचा हात कधी अडखळला नव्हता.

या तक्त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो बिअर या जातीला गुण देत नाही, तिच्या प्रकाराला देतो. १९७७ साली मायकेल जॅक्सन (गायक नव्हे, ब्रिटिश पत्रकार) याने जगातील बिअरचा मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यानंतर प्रकारांनुसार विचार करण्याची रीत दृढ झाली. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास नसेल तर गुण कापले जातात. पिल्सनरला तोच वास असेल तर कापले जातात. ब्रुसेल्स परिसरात उघड्या हौदात वाऱ्यावरच्या यीस्टने आंबवलेली लॅम्बिक घ्या. घोड्याच्या घोंगडीचा वास हे तिचे वैभव आहे, आणि कारखान्याच्या लागरमध्ये तोच आला तर सबंध टाकी ओतून द्यावी लागते. दंडीने काव्यातील अल्प दोषाचीही उपेक्षा करू नये, सुंदर देहावरील कोडाचा एक डागही पुरतो, असे बजावले आहे. विश्वनाथाने उलट किड्याने पोखरलेले रत्नही रत्नच राहते असे म्हटले. दोघांनीही दोष हा सर्वत्र दोषच असतो असे गृहीत धरले आहे. बेल्जियमचा मद्यकार दोघांना आपल्या तळघरात घेऊन गेला असता.

याच शहरातून गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' निघाले, आणि दलित साहित्याला कोणत्या निकषांनी मोजायचे हा वाद त्याच्या पानांवर व त्याच्या आसपास पेटला. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या पुस्तकापर्यंत तो पुरेसा स्पष्ट झाला होता. आनंद हे प्रयोजन ज्या परंपरेने ठरवले, तिच्या जिभेला जे कडू, उग्र, असह्य वाटते तेच येथे गुणस्वरूप असू शकते, हा त्या वादातील माझ्या मते सर्वांत टणक मुद्दा आहे. त्याला 'स्वतंत्र प्रकाराचे स्वतंत्र निकष' असे उत्तर देऊन आपण तो मिटवला. बिअरच्या तक्त्याने मला त्या उत्तरातील चलाखी दाखवली. प्रत्येक प्रकाराला वेगळी चौकट दिली, की चौकटी कोण आखतो हा प्रश्न उरत नाही. भारतात सर्वाधिक खपणारी, पाच ते आठ टक्के मद्यार्काची, तांदूळ किंवा मका मिसळलेली 'स्ट्राँग' बिअर घ्या. १५१६च्या बव्हेरियन शुद्धतेच्या नियमाने जव, हॉप्स आणि पाणी एवढेच मान्य केले होते. त्या नियमाने ती बिअरच नव्हे. प्रकारांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांत तिला तिच्या खपाच्या मानाने नगण्य जागा आहे. कामगार पाळी संपवून जी पितात, तिला गुण देण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. ती उत्तम आहे असे मला म्हणायचे नाही. मला ती आवडली नाही. आकडा मात्र तिच्याकडे नाही, आणि तिच्यापाशी तो का नाही याचे कारण जिभेत सापडणार नाही.

आता समग्र प्रत्ययाच्या दहा गुणांकडे. रस विभावादिकांच्या संयोगातून निष्पन्न होतो, पण आस्वादात ते वेगवेगळे जाणवत नाहीत, हे समजावताना आलंकारिकांनी पानकरसाचा दृष्टान्त दिला आहे. गूळ, मिरी, वेलदोडा, आंबट फळ यांचे पानक केले की त्याला यांपैकी कशाचीच नसलेली, स्वतःची अशी चव येते. आपले कैरीचे पन्हे हे त्याच शब्दाचे नातवंड. आस्वादक मंडळाचे सगळे शिक्षण या न्यायाच्या उलट दिशेने जाते. पन्हे पिऊन गूळ किती, मिरी किती हे सांगायला ते शिकवते. एकदा हे शिकले की मागे परतता येते का? विद्यार्थिनीने सांगितले की, भावाच्या लग्नात मठ्ठा पितानाही तिला आधी डायअ‍ॅसिटिल आले, मग मठ्ठा. संहितेचे विश्लेषण शिकलेल्या आम्हा मंडळींना ही व्यथा परिचित आहे. मर्ढेकरांचे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन नियम बिअरला विलक्षण चपखल लागतात, माल्टची गोडी आणि हॉप्सचा कडूपणा यांचा सारा खेळ त्यांत सांगून होतो. तरीही, एखादा घोट आणखी एक घ्यावासा का वाटतो हे त्यांनी सांगून होत नाही. मायलगार्डच्या चक्रावर त्यासाठी संज्ञा नाही. तक्त्यावर आहे. पन्नासांपैकी दहा.

पाण्याबद्दल सांगायचे राहिले, आणि माझ्या दृष्टीने येथे सर्वांत अधिक सांगण्यासारखे तेच आहे. बिअरचे प्रकार ही बऱ्याच अंशी पाण्याची चरित्रे आहेत. पिल्सेनचे पाणी मृदू म्हणून तेथील बिअर फिकट आणि नितळ. बर्टनच्या पाण्यात जिप्सम म्हणून तेथून हिंदुस्थानाकडे निघालेल्या पेल एलचा कडूपणा धारदार. डब्लिनचे पाणी जड, क्षारांचे, म्हणून तेथे भाजलेल्या जवाची काळी स्टाउट जमली. आपल्याकडे अशा पाण्याबद्दल 'यात डाळ शिजत नाही' असे म्हटले जाते. गंगापूर-वैजापूरकडच्या बाया पाण्याबद्दल जेवढ्या बारकाईने बोलतात, तेवढ्या बारकाईने बोलणारा बिअरचा परीक्षक मी पाहिलेला नाही. गोड पाणी, जड पाणी, खारे, सवळ, मचूळ, तेलकट, बाधणारे, मानवणारे. लग्न होऊन आलेल्या मुलीला 'इथलं पाणी मानवलं का' असे विचारतात, तेव्हा तो प्रश्न पाण्यापुरता नसतो. आणि पाणी चाखण्याआधी ते कोणाला शिवता येते हा प्रश्न या भूमीवर होता. महाडच्या ज्या तळ्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्याच्या नावात आपल्या कानाला चवच ऐकू येते.

कारखान्यात धरणाचे पाणी जसेच्या तसे वापरत नाहीत. आधी त्यातील क्षार काढून ते जवळपास निर्गुण केले जाते. मग कृतीनुसार हवे ते क्षार मोजून घालून सगुण केले जाते. म्हणून पिल्सेनचे पाणी वाळूजला तयार करता येते. वर्षानुवर्षे सगुण-निर्गुण शिकवूनही, छोट्या पंढरपुरापासून हाकेच्या अंतरावर या दोन शब्दांचा असा उपयोग होत असेल हे मला सुचले नव्हते. एवढे सव्यापसव्य करूनही, मंडळ रोज सकाळी सर्वांत आधी पाणीच चाखते, धरणातून आलेले आणि शुद्ध केलेले दोन्ही. घरी सांगितलेले 'मी पाणी तपासते' हे वाक्य त्या अर्थाने खरे होते. पाण्याला गुण देत नाहीत. ठीक आहे अथवा नाही, एवढेच.

२०१६च्या उन्हाळ्यात जायकवाडीत मृतसाठा उरला होता. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य-उद्योगांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांसाठी कपात २५ टक्के होती. एक लिटर बिअरमागे कारखान्यात चार-पाच लिटर पाणी लागते, असे गणित रोज छापून येई. चर्चा सारी लिटरांत चालली होती. माझ्या वर्गातील निम्म्या मुलांचे घर वाळूजच्या पाळ्यांवर चाले, आणि उरलेल्या निम्म्यांच्या गावी टँकर येई. त्या दोन निम्म्यांत भांडण झाले नाही, कारण बरीच मुले दोन्हींत होती. निकाल देणे मला तेव्हा जमले नाही आणि आजही मी त्या घाईत नाही.

त्या मे महिन्यात विद्यार्थिनीने एका संध्याकाळी दूरध्वनी केला. धरणाच्या पाण्याचा नमुना चाखून तिने शेऱ्याच्या रकान्यात 'मचूळ' असे लिहिले होते, देवनागरीत. इंग्रजीत लिहा, असे वरून सांगण्यात आले होते. "सर, मचूळला शब्द काय?" मी 'इन्सिपिड' सुचवला. ती म्हणाली, त्याला चव नसते, मचूळला असते. मी 'ब्रॅकिश' सुचवला. ते सवळ झालं, ती म्हणाली. तक्त्यावर छापलेले मातकट, कुबट, क्लोरीनचा वास हे पर्याय तिने आधीच तपासून पाहिले होते. मी शब्दकोश काढून थोडा वेळ शोधले. शेवटी तिने रकाना तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यावर रांजणगावहून येणाऱ्या आणखी दोघांनी, तिला न विचारता, तोच शब्द लिहिला होता.